वेगळे ठेवण्याची किंमत

मुंबई-पुण्यातल्या स्पेशालिटी कॉफीच्या दुकानात एखाद्या पुडीवर ‘रत्नागिरी इस्टेट’ असे नाव दिसू शकते. कोकणवासीयांनी लगेच हुरळून जाऊ नये; हा मळा कर्नाटकात, चिकमंगळूरजवळच्या बाबाबुदनगिरीच्या डोंगरात आहे. मळ्याच्या नावासोबत वाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, फळावरची प्रक्रिया आणि भाजणीची तारीखही छापलेली असते. एवढा तपशील पुडीवर येणे ही आपल्याकडे अलीकडची गोष्ट. तिचे मूळ ग्राहकाच्या जिभेपेक्षा बाजाराच्या व्यवस्थेत सापडते.

दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ तुटली आणि बागायतदार अडचणीत आले. १९४२च्या कॉफी कायद्याने त्यांना आधार दिला: पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करायचे, बोर्डाने ते प्रतवारीनुसार लिलावात विकायचे आणि पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे. मळे तगले, पण मळ्यांची नावे त्या साठ्यात बुडाली. शेजाऱ्यापेक्षा जास्त निगुतीने काम करणाऱ्याला त्याचे वेगळे मोल मिळण्याची शक्यता फारशी उरली नाही. १९९२पासून ही सक्ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६मध्ये बागायतदाराला सगळे पीक स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. २०१३मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ‘ब्लू टोकाय’सारख्या भाजणाऱ्यांना मळ्याच्या नावाने कॉफी विकता आली, ती या मोकळिकीमुळेच.

नाव छापणे सोपे. त्यामागचे काम महाग. अरेबिकाची फळे एका फांदीवरही एकाच वेळी पिकत नाहीत. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याच झाडांवरून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून फक्त लाल फळे तोडावी लागतात. तोडणीची मजुरी मात्र बहुधा किलोवर ठरते. हिरवे-पिकले एकत्र ओरबाडले तर पाटी लवकर भरते. निवडून तोडायचे तर मजुरीचा दर वाढवणे भाग असते. त्यात पाच-सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो कच्चे बी हाती येते.

पुढेही निवडच. साल काढून, चिकट गर आंबवून धुतलेल्या अरेबिकाला व्यापारात ‘प्लांटेशन’ म्हणतात, तर अख्खे फळ वाळवले की ‘चेरी’. दोन्ही प्रकारांत ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आणायचा असतो. खास मालासाठी त्या त्या तोडणीचा ढीग वेगळा वाळवून वेगळा साठवतात. मग परीक्षा. गेली अनेक वर्षे रूढ असलेल्या पद्धतीत ३५० ग्रॅम कच्च्या नमुन्यात पूर्ण काळे किंवा आंबलेले एकही बी चालत नाही. चव पाहणारे शंभरपैकी गुण देतात. ८० किंवा अधिक मिळाले तरच ती स्पेशालिटी.

पुडीवर वाणाच्या जागी पुष्कळदा ‘एस ७९५’ असे रुक्ष नाव दिसते. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून १९४०च्या दशकात आलेला हा वाण तांबेऱ्याला तोंड देण्यासाठी तयार केला होता. भारतीय अरेबिकाचा मोठा भाग आजही त्याच्यावर उभा आहे.

दुकानात विचारण्याजोगा पहिला प्रश्न तोडणीचा. दिवाळीत विकली जाणारी भारतीय अरेबिका बहुधा गेल्या हिवाळ्यातली असते. नीट साठवलेले कच्चे बी काही महिने टिकते. भाजलेल्या बियांचा सुगंध काही आठवड्यांतच उतरू लागतो. म्हणजे पुडीला तारखा दोन असतात, पण छापली जाते बहुधा एकच. दुसरा प्रश्न ढिगाचा: ही त्या मळ्याची एका तोडणीची निवडक कॉफी, की त्याच मळ्याचा सरसकट माल? आणि तिसरा, बागायतदाराला बाजारभावापेक्षा किती जास्त मिळाले? या तिन्हींची उत्तरे मिळाली तर आपण निवडीची किंमत मोजली. नाही मिळाली, तर महागडी पुडी घेऊन मळ्याचे फक्त नाव विकत घेतले.