तितरांचा माळ आणि गोचिडाचा दंश

पावसाळा सरत आला की तेर परिसरातील माळरानावर गुडघाभर गवत उभे राहते आणि बोरी-बाभळींच्या आडून तितरांची साद ऐकू येऊ लागते. याच सुमारास पाश्चात्त्य देशांत तितरासारख्याच 'ग्राउस' या रानपक्ष्याच्या शिकारीचे वेध लागतात. ब्रिटनमध्ये हा हंगाम दरवर्षी १२ ऑगस्टला सुरू होतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तितराच्या शिकारीस बंदी आहे. फासे लावून तितर धरण्याचा फासेपारध्यांचा परंपरागत व्यवसायही त्यामुळे बेकायदेशीर ठरला. तेरणाकाठचा माळ आज शेळ्या राखणाऱ्यांचा, गवत कापणाऱ्यांचा आणि येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात जाणाऱ्या भाविकांचा व पक्षिनिरीक्षकांचा आहे. मात्र शिकाऱ्याला ज्याची धास्ती वाटते, तो गोचीड या सर्वांच्याच वाटेवर असतो.

दबा धरून बसणारा जीव

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी व विंचू यांच्या कुळातील असून पूर्ण वाढ झाल्यावर त्याला आठ पाय असतात. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. अनेक जातींचे गोचीड गवताच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसतात आणि जवळून जाणाऱ्या प्राण्याला किंवा माणसाला चिकटतात. ससे, उंदीर आणि जमिनीवर वावरणारे पक्षी यांच्या अंगावर त्यांची पिल्ले पोसली जातात. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी गळून पडते व गोठ्याच्या भेगांत किंवा पालापाचोळ्यात हजारो अंडी घालते. जनावरांना होणाऱ्या 'गोचीड तापा'चे, म्हणजे थायलेरिया व बबेसिया या रोगांचे, मूळ येथेच आहे. उस्मानाबादी शेळीसाठी ख्यातनाम असलेल्या या जिल्ह्यात हा प्रश्न म्हणूनच थेट संसाराशी निगडित ठरतो.

माणसाला धोका किती?

गोचिडाचा प्रत्येक दंश रोग देतोच असे नाही. तथापि तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये क्यासनूर जंगलातील माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसेही तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्या विषाणूचा शोध लावला. ब्रिटनमध्ये ग्राउस पक्ष्यांना मारणारा गोचीडजन्य विषाणूही याच गटातला आहे. २०१६ मध्ये 'माकडताप' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आजाराने सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्याला ग्रासले.

हा आजार सह्याद्रीच्या दाट, ओलसर जंगलांचा आहे. तेरचा उघडा माळ तसा नाही. येथील पशुपालकाने अधिक लक्ष द्यावे ते जनावरांवरील गोचिडांकडे. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबादजवळ 'क्रायमियन काँगो' या रक्तस्रावी तापाचे रुग्ण देशात प्रथमच आढळले. हा विषाणू गोचिडाच्या दंशातून पसरतो, तसाच बाधित जनावराच्या रक्तातून आणि चिरडलेल्या गोचिडातूनही पसरू शकतो.

चिरडण्याची सवय सोडावी

आपल्याकडील एक जुनी सवय या ठिकाणी आड येते. शेळीच्या कानामागचा गोचीड उघड्या बोटांनी ओढून नखाने किंवा दगडावर चिरडणे हे गोठ्यातले नित्याचे दृश्य आहे. असे करताना गोचिडाच्या पोटातील रक्त बोटांवरील चिरांना लागते. त्याऐवजी हातमोजे घालून चिमट्याने गोचीड काढावेत आणि साबणाच्या किंवा जंतुनाशकाच्या द्रावणात टाकावेत. गोठ्यातील भेगा बुजवाव्यात व फवारणी पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावी.

माणसाच्या त्वचेत रुतलेल्या गोचिडावर रॉकेल, तेल किंवा चुना लावू नये, काडीचा चटकाही देऊ नये. टोकदार चिमट्याने तो त्वचेलगत धरून, न पिळता सरळ व सावकाश वर ओढावा आणि ती जागा साबणाने धुवावी. माळावर जाताना पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे कपडे घालावेत व विजारीची टोके मोज्यांत खोचावीत. परतल्यावर काखा, जांघा, कानामागची जागा व लहान मुलांचे केस नीट तपासावेत.

दंशानंतर दोन आठवड्यांच्या आत ताप, तीव्र डोकेदुखी किंवा अंगावर पुरळ आल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे आणि गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. गोचिडांमुळे होणाऱ्या 'टिक टायफस'सारख्या आजारावर डॉक्सिसायक्लिन हे औषध वेळेत मिळाल्यास गुणकारी ठरते. परंतु साध्या तापासारख्या दिसणाऱ्या या दुखण्याचे निदान पुष्कळदा रुग्णाने दिलेल्या या एका माहितीवरच अवलंबून असते.