टिपरू एकदा हातात आलं की सुटत नाही!

जुलै लागला की खारघरच्या संध्याकाळी पावसाच्या जोडीला ढोल वाजू लागतो. गणपती अजून लांब असतात, पण पथकांचा सराव सुरू झालेला असतो. दहावी-अकरावीची नवी पोरंपोरी पहिल्यांदा कमरेला ढोल बांधतात. त्यातली कित्येक पुढे नोकरीला लागतात, संसारात पडतात, पण पथक सोडत नाहीत. असं काय आहे या वादनात? घ्या, काही भन्नाट गोष्टी!

ढोल वाजवायला दोन्ही हात वेगवेगळे तयार करावे लागतात. एका बाजूला टिपरू म्हणजे काठी, दुसऱ्या बाजूला थापी म्हणजे तळहाताची थाप. टिपरूचा हात पटकन बसतो, थापीचा घाम काढतो. आणि ढोल कितीही असोत, हुकूम ताशाचाच! त्याच्या काड्या कडाडल्या की लय ठरते, ताशाने चाल बदलली की अख्खी रांग बदलते.

पूर्वी पावसात मोठी पंचाईत व्हायची. चामड्याचं पान दमट हवेत सैल पडतं, म्हणून ताशा आगीवर शेकून घेत. आता फायबरची पानं आली. खारघरचा पांडवकडा धबधबा धो धो कोसळत असतो त्या दिवसांतही सराव थांबत नाही.

शेकायची ती रीत मात्र सातासमुद्रापार अजून जिवंत आहे. 1845 पासून करारावर त्रिनिदादला नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर ताशाही बोटीने गेला. तिथे आजही लग्नात आणि मोहरमच्या मिरवणुकीत तो वाजतो, तोही शेकोटीवर तापवून!

विसर्जन मिरवणुकीतल्या शिस्तबद्ध पथकांची मुळं थेट शाळेत आहेत. अप्पा पेंडसे यांनी 1962 साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथले विद्यार्थी, मग रमणबाग आणि नूमविसारख्या शाळांची मुलं रांगेत, गणवेशात वाजवू लागली.

अमेरिकेतही पोरांचं असंच वेड आहे, त्याचं नाव ड्रम कोअर. ढोल, पितळी वाद्यं आणि झेंडे नाचवणारा ताफा! त्यांची शिखर संस्था 1971 मध्ये स्थापन झाली, पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटरला रंगली. पण तिथल्या मुख्य गटांत साधारण बाविशीनंतर मैदानाबाहेर. आपल्याकडे सोळाव्या वर्षी आलेला पन्नाशीतही त्याच रांगेत उभा राहू शकतो. माझ्या मते इथे आपलं पथक सरस आहे, निर्विवाद.

आता सगळ्यात आवडती गोष्ट. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ढोल वाजवल्यानंतर, गायल्यानंतर, नाचल्यानंतर माणसांची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली आढळली. नुसतं संगीत ऐकून मात्र तसं झालं नाही. शरीरात एंडॉर्फिन स्रवतं, असा त्यांचा निष्कर्ष. तासन् तास वाजवून खांदे भरून आलेली पोरं हसत का असतात, ते इथे उलगडतं. त्यात किशोरवयात मनात बसलेलं संगीत पुढे सर्वांत जास्त आठवतं, हेही मानसशास्त्रज्ञांनी वारंवार दाखवलं आहे. पंधराव्या वर्षी लागलेला नाद टिकणारच!

2024 मध्ये हरित लवादाने पुण्यातल्या पथकांना 30 वादकांची मर्यादा घातली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. मला त्याचा आनंद झाला, पण आवाजाचा प्रश्न खरा आहे, आणि सर्वांत जास्त धोका वादकांच्याच कानांना आहे. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतो फक्त पाव तास!

तेव्हा आईबाबांनो, पोरांना सरावाला जरूर पाठवा. कापसाचे बोळे पुरत नाहीत, औषधांच्या दुकानातून इअरप्लग आणा आणि टिपरूसोबत तेही पोरांच्या हातात द्या.