बारीक झोताला बारीकच माप

कर्करोगावरील किरणोपचारात औषध डोळ्यांना दिसत नाही. त्याची मात्रा मात्र काटेकोरपणे मोजावी लागते. ही मात्रा 'ग्रे' या एककात सांगतात. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली, की ती एक ग्रे झाली.

मोजणीचे प्रस्थापित साधन म्हणजे आयनीकरण कक्ष. किरणांमुळे त्यातील हवेत विद्युतभार निर्माण होतो व त्यावरून मात्रा काढली जाते. नेहमीच्या वापरातील कक्षाची पोकळी सुमारे ०.६ घनसेंटिमीटर असते. रुंद झोतासाठी ती योग्यच. परंतु मेंदूतील लहानशा गाठीवर काही मिलिमीटर रुंदीचाच झोत सोडायचा असेल, तर कक्षाचा बराच भाग झोताबाहेर राहतो. नळाची बारीक धार परातीत धरावी आणि पसरलेल्या पाण्याच्या उंचीवरून धारेचा जोर ठरवावा, तशी ही मोजणी होते.

फ्रान्समधील तुलूझ येथील एका रुग्णालयात २००६-०७ मध्ये नेमके हेच घडले. बारीक झोतांच्या अंशांकनासाठी प्रमाणापेक्षा मोठा कक्ष वापरला गेला. माप कमी आले, त्यामुळे यंत्राचा मारा कमी असल्याचे गृहीत धरले गेले आणि १४५ रुग्णांना ठरल्याहून अधिक मात्रा मिळाली.

अशा ठिकाणी सिलिकॉन डायोडसारखे घनरूप शोधक उपयोगी पडतात. हवेत भारांची एक जोडी निर्माण होण्यास सुमारे ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, तर सिलिकॉनमध्ये अवघी ३.६. शिवाय सिलिकॉन हवेपेक्षा सुमारे १९०० पट घन आहे. त्यामुळे मोहरीच्या दाण्याहून लहान तुकडाही स्पष्ट संकेत देतो.

तथापि डायोडही निर्दोष नाही. कमी ऊर्जेच्या किरणांना तो ऊतींच्या तुलनेत अधिक प्रतिसाद देतो. तापमानानुसार त्याचे वाचन बदलते आणि सततच्या किरणमाऱ्याने त्याची संवेदनक्षमता घटते. हिऱ्याचा शोधक ऊतींना अधिक जवळचा असतो, कारण कार्बनचा अणुक्रमांक ६ आहे, तर सिलिकॉनचा १४.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१७ मध्ये लहान झोतांसाठी स्वतंत्र नियमावली प्रसिद्ध केली. कोणत्या शोधकाच्या वाचनाला किती दुरुस्ती लावावी, हे तीत दिले आहे. एकाच साधनावर विसंबू नये, तेच माप दुसऱ्या प्रकारच्या शोधकाने पडताळावे, हा या कामातील मूलभूत दंडक आहे. तुलूझमधील चूकही अखेर तेथील आकडे इतर केंद्रांच्या आकड्यांशी ताडून पाहिल्यावरच उघडकीस आली. पण तोवर एक वर्ष लोटले होते.