कर्नलच्या बिल्ड दस्तऐवजांची साफसफाई: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिनक्स कर्नल म्हणजे सी भाषेतल्या हजारो फायलींचा साठा. त्यातल्या कोणत्या फायली कंपाइल करायच्या, कोणत्या वगळायच्या, कोणत्या मुख्य कर्नलमध्ये जोडायच्या आणि कोणत्या स्वतंत्र मॉड्यूल म्हणून ठेवायच्या, हे काम केबिल्ड नावाची यंत्रणा करते. त्यासाठीचे पर्याय मांडण्याची आणि निवडण्याची भाषा म्हणजे केकॉन्फिग. ती रोमन झिपेल यांनी लिहिली आणि २००२ मध्ये २.५ मालिकेत दाखल झाली. या दोन्हींची माहिती देणारे दस्तऐवज वेळोवेळी झाडून पुसून घ्यावे लागतात. त्या कामाविषयी विद्यार्थ्यांत आणि नवख्या प्रोग्रामरांत बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज असा की हे दस्तऐवज कुठल्या तरी संकेतस्थळावर असतात आणि इंटरनेटशिवाय ते हाती लागत नाहीत. वास्तविक ते मूळ कोडच्याच साठ्यात, डॉक्युमेंटेशन नावाच्या फोल्डरमध्ये असतात आणि त्यात केबिल्डचा वेगळा कप्पा आहे. संकेतस्थळावर दिसतात ती पाने याच फायलींपासून तयार होतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या खापरसारख्या गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. कर्नलच्या एका आवृत्तीची दाबलेली फाइल दीडशे मेगाबाइटच्या आसपास असते. तालुक्याच्या गावी किंवा महाविद्यालयात ती एकदा उतरवून घेतली की सगळे दस्तऐवज घरी, नेटवर्क नसतानाही, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येतात. बदलांचा संपूर्ण इतिहास हवा असेल तर मात्र गिटमधून काही गीगाबाइट उतरवावे लागतात. तिथे अलीकडचाच इतिहास घेण्याची सोय वापरणे शहाणपणाचे.

साफसफाई म्हणजे शुद्धलेखन तपासणे, हा दुसरा समज अधिक नुकसान करतो. अक्षरांच्या चुका दुरुस्त होतात, त्या व्हायलाही हव्यात. पण बिल्ड यंत्रणेच्या दस्तऐवजातली खरी घाण म्हणजे कालबाह्य झालेला मजकूर. वाक्य शुद्ध असते, उदाहरण नेटके असते आणि कोडने त्यात सांगितलेली पद्धत कधीच सोडून दिलेली असते. कर्नलबाहेरचे मॉड्यूल बांधताना त्याचा फोल्डर सांगण्यासाठी पूर्वी ‘सबडिर्स’ हे चल वापरत. त्याची जागा ‘एम’ने घेतली आणि २०१९ मध्ये जुन्या पद्धतीचा आधार काढून टाकला गेला. केकॉन्फिगमध्ये मदतीचा मजकूर सुरू करताना ‘हेल्प’ शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आडव्या रेघा देण्याची पद्धत होती. २०२० मध्ये साऱ्या साठ्यातून ती हटवून साधा ‘हेल्प’ ठेवला गेला.

यातले सर्वात बोलके उदाहरण ‘एक्स्ट्रा सीफ्लॅग्ज’चे आहे. कंपाइलरला जादा सूचना देण्याची ही जुनी रीत. तिच्याऐवजी ‘सीसीफ्लॅग्ज-वाय’ वापरावे, असे दस्तऐवज अनेक वर्षे सांगत होते आणि जुनी रीतही सोबत चालत होती. २०२५ मध्ये, ६.१५ या आवृत्तीत, तिचा आधार संपला. आता एखाद्याने जुना धडा पाहून ते चल लिहिले तर केबिल्ड त्याच्याकडे बघतही नाही आणि तशी कल्पनाही देत नाही. दिलेली सूचना कंपाइलरपर्यंत पोहोचत नाही. हेडर सापडत नाही म्हणून काम अडले तर ते नशीबच म्हणायचे. कारण कधी कधी सगळे बिनतक्रार पार पडते आणि तयार झालेले मॉड्यूल मात्र अपेक्षेपेक्षा वेगळे असते. दस्तऐवजातली एक शिळी ओळ वाचणाऱ्याचा अख्खा दिवस खाऊ शकते. म्हणूनच कोड बदलणाऱ्यानेच त्याच वेळी दस्तऐवजही बदलावा, हा आग्रह योग्य आहे.

काही चुका दस्तऐवजात नसतात, वाचकांच्या डोक्यात असतात. त्या निघतील असे लिहिणे हाही साफसफाईचाच भाग आहे. तयार कर्नल-प्रतिमेच्या ‘बीझेडइमेज’ या नावातल्या बीझेडचा अर्थ बीझिप२ पद्धतीने दाबलेले, असे अनेक जण सांगतात. खरा अर्थ ‘बिग झेडइमेज’ असा आहे. जुनी झेडइमेज पीसीच्या खालच्या ६४० किलोबाइट स्मृतीत मावावी लागे. ती मर्यादा नसलेली मोठी प्रतिमा म्हणजे बीझेडइमेज. ती आत कोणत्या पद्धतीने दाबायची, हा वेगळा पर्याय आहे. तसेच ‘सिलेक्ट’ आणि ‘डिपेंड्स ऑन’ एकच काम करतात असे मानले जाते. ‘डिपेंड्स ऑन’ अट घालते, तर ‘सिलेक्ट’ दुसरा पर्याय जबरदस्तीने चालू करते, आणि तेही त्या दुसऱ्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी न पाहता. ‘सिलेक्ट’ जपून वापरा, असा इशारा दस्तऐवजात त्यामुळेच आहे. निवडलेले पर्याय साठवणारी डॉट-कॉन्फिग फाइल हाताने बदलली की झाले, हाही भ्रमच. पुढच्या वेळी केकॉन्फिग ती वाचते, अटी तपासते आणि न बसणारी निवड गुपचूप गाळते.

दर बदलानंतर आधी कंपाइल झालेल्या फायली पुसणारे ‘मेक क्लीन’ चालवलेच पाहिजे, ही सवय जुन्या मशीनवर काम करणाऱ्यांना सर्वात महाग पडते. केबिल्ड प्रत्येक फाइल कोणत्या आज्ञेने कंपाइल झाली ते शेजारच्या छोट्या फायलीत नोंदवून ठेवते. आज्ञा बदलली तर ती फाइल पुन्हा कंपाइल होते, न बदललेल्या फायलींना हात लागत नाही. त्याहून कौशल्याचे काम ‘फिक्सडेप’ हा छोटा प्रोग्राम करतो. साऱ्या पर्यायांची यादी एकाच हेडरमध्ये असते आणि जवळजवळ प्रत्येक सी फाइल तिच्यावर अवलंबून असते. सरळ हिशेबाने एक पर्याय बदलला की सगळे कर्नल पुन्हा कंपाइल करावे लागले असते. फिक्सडेप फायलीत खरोखर कोणत्या पर्यायांचा उल्लेख आहे ते शोधतो आणि अवलंबित्व तेवढ्यापुरतेच ठेवतो. त्यामुळे ज्या फायलींत त्या पर्यायाचे नाव येते, तेवढ्याच पुन्हा तयार होतात. दर वेळी क्लीन चालवणारा ही सगळी मेहनत फेकून देतो. क्लीनने पर्यायांची निवड मात्र टिकते. ती पुसायला ‘मिस्टर प्रॉपर’ आहे, ज्याचे नाव युरोपातल्या साफसफाईच्या द्रावणावरून पडले. ‘डिस्टक्लीन’ त्याही पुढे जाऊन एडिटरच्या उरलेल्या प्रती काढते.

दस्तऐवजाचे रूप बदलले म्हणजे दस्तऐवज सुधारला, असेही नाही. २०१६ मध्ये ४.८ या आवृत्तीपासून कर्नलने दस्तऐवजांसाठीची जुनी डॉकबुक पद्धत सोडून स्फिंक्सकडे वाटचाल सुरू केली. केबिल्डच्या साध्या टेक्स्ट फायली २०१९ मध्ये मौरो कार्व्हाल्यो चेहाब यांनी नव्या मांडणीत आणल्या. त्यामुळे अनुक्रमणिका आणि दुवे मिळाले. आतला मजकूर मात्र बराचसा पूर्वीचाच राहिला. त्याची तपासणी ओळीओळीने, मेकफाइल समोर ठेवून, आजही करावी लागते.

अशी दुरुस्ती तज्ज्ञांनीच करावी आणि तिला मोठे यंत्र लागते, या समजापायी बरेच जण मागे राहतात. दस्तऐवजाच्या दुरुस्तीसाठी कर्नल कंपाइल करण्याची सक्ती नाही. दस्तऐवजाची पाने तयार करण्याची आज्ञा फक्त केबिल्डच्या फोल्डरपुरती चालवता येते आणि मांडणी मोडली असेल तर ती सांगते. एखादे उदाहरण खरेच चालते का, हे पाहायचे असेल तर सर्वात लहान संरचनेची ‘टायनीकॉन्फिग’ पुरते. कोडच्या पॅचला जे नियम, तेच दस्तऐवजाच्या पॅचला. ‘चेकपॅच’ने तपासणी करायची, ‘गेट मेंटेनर’ स्क्रिप्टला योग्य व्यक्ती विचारायची, बदलाचे कारण लिहायचे आणि २००४ पासून रूढ असलेली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ जोडायची. सारे साध्या ई-मेलने जाते, म्हणजे डेटाही नगण्य लागतो. कारण लिहिताना कोणत्या बदलामुळे मजकूर चुकीचा ठरला, तो बदल गिटच्या इतिहासातून शोधून नमूद करावा. पुराव्यासह आलेली दोन ओळींची दुरुस्ती पुराव्याविना केलेल्या लांबलचक पुनर्लेखनापेक्षा केव्हाही बरी.

उत्तम इंग्रजीची अट ही तर निव्वळ भीती आहे. २०१७ पासून २०२५ पर्यंत केबिल्ड सांभाळणारे मासाहिरो यामादा जपानी, मजकूर नव्या मांडणीत आणणारे चेहाब ब्राझीलचे. त्यांच्या कामाला लागली ती अचूकता. मराठीतून लिनक्स शिकता येत नाही, हेही खरे नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांनी सुरू केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे प्राथमिक धडे मराठी आवाजात आहेत.

कर्नलच्या साठ्यात चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश अनुवादांचे कप्पे आहेत, मराठीचा नाही. तो सुरू करू पाहणाऱ्यांनी आधी मूळ इंग्रजी केबिल्ड दस्तऐवजातल्या शिळ्या ओळी दुरुस्त कराव्यात आणि मगच अनुवादाला हात घालावा. अनुवाद मूळ मजकुराच्या किती बदल मागे पडला आहे, हे दाखवणारी स्क्रिप्ट २०२४ पासून साठ्यातच उपलब्ध आहे.