हृदयाला उसंत

हाताला दुखापत झाली, तर आपण तो झोळीत बांधतो. पाय मुरगळला, तर चालणे बंद करतो. विश्रांती मिळाली की अवयव बरा होऊ लागतो. पण हृदयाला विश्रांती कशी द्यायची? मुठीएवढे हे हृदय दर मिनिटाला सुमारे ७२ ठोके देते आणि जवळजवळ ५ लीटर रक्त शरीरभर फिरवते. ते काही मिनिटे जरी थांबले, तरी प्राणावर बेतते.

हृदयाच्या स्नायूंनाही रक्त लागते. ते पुरवणारी रक्तवाहिनी अचानक बंद झाली, की हृदयविकाराचा झटका येतो. झटका मोठा असेल, तर हृदय दुबळे होते आणि रक्तदाब घसरतो. मग मेंदूला व मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही. खुद्द हृदयाचे पोषणही घटते आणि ते आणखी दुबळे होते. हे दुष्टचक्र तोडायचे कसे?

अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी त्यासाठी एक युक्ती वापरली. त्यांनी मांडीतील रक्तवाहिनीतून एक बारीक नळी वर सरकवली. नळीच्या टोकाला लांबट फुगा होता. तो हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीत बसवला. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते. नेमक्या त्या वेळी यंत्र फुग्यात हेलियम वायू भरते. फुगा फुगताच हृदयाच्या स्नायूंकडे अधिक रक्त ढकलले जाते. पुढच्या ठोक्याआधी फुगा मिटतो. रक्ताला वाट मोकळी होते आणि हृदयाचे श्रम वाचतात. १९६७ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका अत्यवस्थ स्त्रीवर हा उपाय प्रथम यशस्वी झाला. काही तासांत तिचा धोका टळला आणि पुढे ती बरी होऊन घरी गेली.

हा फुगा जगभर वापरला जाऊ लागला. पण विज्ञान एका यशावर समाधान मानत नाही. २०१२ साली जर्मनीत असे ६०० रुग्ण तपासले गेले. फुगा बसवल्याने मृत्यू कमी होत नाहीत, असे दिसून आले. मग हृदयाच्या आत बसणाऱ्या इवल्याशा पंपाची कसोटी झाली. २०२४ साली तिचा निष्कर्ष आला. मोठ्या झटक्याच्या निवडक रुग्णांत सहा महिन्यांत १०० पैकी सुमारे ५९ जण दगावत; पंप वापरल्यावर ही संख्या ४६ झाली. मात्र रक्तस्राव व इतर अपायही वाढले. म्हणून कोणाला पंप बसवायचा, हे डॉक्टर फार विचारपूर्वक ठरवतात.

अशी यंत्रे हृदयाला बरे करत नाहीत. ती फक्त थोडे दिवस त्याचा भार उचलतात. तेवढ्या अवधीत डॉक्टर बंद रक्तवाहिनी उघडतात आणि हृदय सावरू लागते. यंत्र असा मोलाचा वेळ मिळवून देते. पण छातीत असह्य कळ येऊनही रुग्ण घरीच बसला, तर तो वेळ आधीच हातचा जातो. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात नेणे, हे आपल्या हाती असते.