‘वू’ : पाऊल आणि शस्त्र

अक्षराची घडण

चिनी लिपीतलं ‘वू’ हे अक्षर युद्ध, शौर्य, सैनिकी सामर्थ्य यांसाठी वापरतात. ‘वूशू’ या युद्धकलेच्या नावात ते आहे; जपानी ‘बुशी’, म्हणजे योद्धा, यातला ‘बु’ही तेच अक्षर. त्याचे घटक दोन : एक पाऊल आणि दुसरं ‘ग’, म्हणजे लांब दांड्याला आडवं पातं बसवलेलं शस्त्र. हे पाऊल चालणारं की थांबलेलं, यावर अर्थ फिरतो.

छूच्या राजाने केलेली फोड

इ.स.पू. ५९७ मध्ये बीच्या लढाईत छू राज्याने जिन राज्याला हरवलं. शत्रूच्या प्रेतांचा ढिगारा रचून विजयस्मारक उभारावं, असं एका अधिकाऱ्याने सुचवलं. राजा च्वांगने ते साफ नाकारलं. ‘झ्वो-च्वान’ या इतिहासग्रंथानुसार त्याने तिथेच अक्षर फोडून दाखवलं : पावलाचं चिन्ह थांबण्याचं, म्हणून शस्त्र थांबवणं म्हणजे ‘वू’. पुढे त्याने ‘वू’चे सात गुण सांगितले. हिंसेला आळा, शस्त्रं आवरून ठेवणं, प्रजेला स्वास्थ्य, संपत्तीत वाढ हे त्यांतले काही. यांतला एकही गुण आपल्यापाशी नाही, असंही तो म्हणाला. जिंकलेल्या राजाचं हे बोलणं मला त्याच्या व्याख्येहून मोठं वाटतं.

सुमारे सात शतकांनी श्यू शेनने आपल्या कोशात हीच फोड राजाच्या नावासकट नोंदवली, आणि ती प्रमाण ठरली.

हाडांवरची साक्ष

१८९९ मध्ये शांग काळातल्या, तीन हजारांहून अधिक वर्षं जुन्या हाडांवरच्या लेखांची ओळख पटली. त्यांतल्या ‘वू’तही पाऊल आणि शस्त्र आहे. पण त्या काळी पावलाचं चिन्ह चालण्याशी जोडलेलं होतं. म्हणून आजचे बहुतेक अभ्यासक ‘शस्त्र घेऊन कूच’ हा मूळ अर्थ मानतात. जुनी भाषाही त्यांच्याच बाजूची आहे. प्राचीन काव्यसंग्रहात च्यांग य्वान नावाची स्त्री देवाच्या पाऊलखुणेवर पाय ठेवते आणि तिला पुत्र होतो. त्या पाऊलखुणेसाठी शब्द आहे ‘वू’. लांबीच्या मापात सहा ‘छ्र’चा एक ‘बू’, म्हणजे पाऊल, आणि त्याचं अर्धं तेही ‘वू’च.

राजाची फोड व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही. मात्र चिनी विचारात ‘वू’ला नैतिक वजन मिळालं ते तिच्यामुळेच.

कन्फ्यूशियसचा अभिप्राय

शांग घराणं उलथवणाऱ्या राजाचं नावही वू, आणि त्याच्या विजयावरच्या संगीत-नृत्याचंही. कन्फ्यूशियसने या संगीताला पूर्ण सुंदर म्हटलं, पूर्ण चांगलं म्हटलं नाही. प्राचीन राजा शुनच्या ‘शाओ’ संगीताला त्याने दोन्ही मान दिले. टीकाकार कारण देतात : शुनला राज्य आपखुशीने सोपवलं गेलं, वूने ते लढून घेतलं.