आधी फळ्यावर शून्य!

मुलांनो, तुमच्या वर्गात स्नेहसंमेलनाची वर्गणी किती असते? पुनावळ्यातल्या आमच्या चौथीच्या वर्गात गेल्या वर्षी ५० रुपये होती. यंदा मॉनिटरने जुनीच यादी उतरवली, प्रत्येक आकड्यात थोडी भर घातली आणि जाहीर केलं, "बाई, यंदा सत्तर!" मागच्या बाकावरची एक मुलगी खाली मान घालून बसली. तिच्या बाबांचं चाकणचं कंत्राटी काम दोन महिन्यांपूर्वी सुटलंय. वीस रुपयांत काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिचा चेहरा पाहायला हवा होता.

मी फळ्यावर मोठ्ठं शून्य काढलं. म्हटलं, "जुनी यादी विसरा. प्रत्येक खर्च नव्याने मागा आणि तो कशाला हवा ते सांगा."

ही युक्ती माझी नाही बरं का! १९८६ साली आपल्या महाराष्ट्र सरकारनेच ती वापरली होती. मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. शिस्त इतकी कडक, की लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणत! सरकारी खात्यांची रीत आमच्या मॉनिटरसारखीच असते. गेल्या वर्षी अमुक मिळाले, यंदा थोडे जास्त द्या. जुना खर्च अजून लागतो का, हे कोण विचारतो? चव्हाणांनी ते विचारायला लावलं. योजना कितीही जुनी असो, हिशेब शून्यापासून मांडायचा. हाच तो शून्याधारित अर्थसंकल्प, म्हणजे 'झिरो बजेट'. अमेरिकेत जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर असताना जिमी कार्टर यांनीही तो वापरला होता. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले.

आपल्याकडे मात्र हा उत्साह हळूहळू ओसरला. एकेक योजना तपासायची म्हणजे कागदांचा डोंगर! शिवाय योजना बंद केली तर तिथे काम करणाऱ्यांचं काय? आणि प्रत्येक खर्चाला कुणीतरी वाली असतोच.

मग हेडमास्तर कराच्या विरुद्ध होते का? मुळीच नाही. बाबांची पगाराची चिठ्ठी बघा. त्यात व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. (आईचा पगार महिना २५ हजारांपर्यंत असेल तर तिला हा कर माफ.) फेब्रुवारीतच जास्त का? गणित करा पाहू! अकरा महिन्यांचे २२०० अधिक ३००, झाले २५००. राज्यघटनेने वर्षाला याहून जास्त व्यवसाय कर घ्यायला मनाई केली आहे! हा कर १९७५ मध्ये सुरू झाला तेव्हाही मुख्यमंत्री चव्हाणच होते. खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेसाठी तो होता. पैसा कुठे जातो ते देणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून मला तो कर रास्त वाटतो.

आता आजचं बघा. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात महसुली तूट, म्हणजे जमेपेक्षा जास्तीचा खर्च, ४५,८९१ कोटी रुपये होती. त्याच वर्षी महागड्या मोटारींवरचा आणि दारूवरचा कर वाढला. पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. लाडकी बहीण योजनेची यादी तपासायला घेतली, तर सुमारे २६ लाख खात्यांबद्दल शंका आली; काही तर चक्क पुरुषांची निघाली! त्यांचे पैसे पडताळणीसाठी थांबवले. महिना १५०० रुपयांप्रमाणे २६ लाखांचे किती? आई-बाबांनाही करायला सांगा. ३९० कोटी, दर महिन्याला! त्यातल्या खऱ्या गरजू बहिणींना पैसे मिळायलाच हवेत. पण यादी आधी तपासायची की पैसे वाटून झाल्यावर?

तर आमचा वर्ग. फुगे लगेच कटले. फलक जुनाच, सालावर कागद चिकटवायचा. खाऊला कुणी हात लावेना! पडद्याचं भाडं मी खोडणार, तोच मागच्या बाकावरची ती मुलगी उठली. "बाई, पडद्याशिवाय नाटक कसं होईल?" पडदा राहिला. वर्गणी आली ४५ रुपयांवर. पाहुण्यांच्या शालीवरून मात्र दोन तट पडलेत आणि भांडण अजून चालू आहे.